तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्र आवाज: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं

तुम्ही सांगितलेली लक्षणं आधी एकत्र मांडतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, ९२००० किलोमीटर झालेत. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्र आवाज येतो. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत जास्त, गाडी तापली की कमी. रिव्हर्सही अधूनमधून करकरतो. तुमच्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, वीसेक हजार धरून चाला. खरंच उघडावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

कदाचित लागेल. पण या आठवड्यात उघडू नका. तीस वर्षं मी हेच काम करतोय, साताऱ्यात, म्हणजे घाटाच्या गाड्या रोजच्या. गिअर करकरतो म्हणून आलेल्या गाडीचा क्लच आधी तपासल्याशिवाय मी गिअरबॉक्सच्या नटाला पाना लावत नाही. का, ते कळायला आत काय चालतं हे थोडं समजून घ्यावं लागेल.

आवाज आला की लोकांना वाटतं गिअरचे दात एकमेकांवर घासतायत. तसं नसतं. आजच्या गाडीत पुढच्या पाचही गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. गाडी तिसऱ्यात चालली असली तरी दुसऱ्याची जोडीही आत फिरत असते, फक्त तिच्यातलं एक चाक शाफ्टवर मोकळं गरगरत असतं. आपण दांडी ओढतो तेव्हा शाफ्टवरची एक स्लीव्ह, म्हणजे रुंद कड्यासारखा भाग, सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. स्लीव्हच्या आतल्या बाजूला दात असतात, गिअरच्या कडेला छोटे टोकदार दात असतात. त्यांना आम्ही डॉग म्हणतो. खर्र आवाज येतो तो या दोघांचा, कारण दोघं वेगवेगळ्या वेगानं फिरत असताना एकमेकांत घुसायला बघतात.

हे दोन वेग जुळवायचं काम पितळी रिंगेचं. सिंक्रो रिंग म्हणतात ती. हातात घेतली तर बांगडीसारखी दिसते, बाहेरून दातेरी आणि आतून किंचित निमुळती. आतल्या भागावरून नख फिरवलं तर बारीक बारीक रेघा लागतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. या रेघांवर सगळा खेळ आहे. गिअरच्या निमुळत्या भागावर ऑइलचा पातळ थर असतो. रिंग त्यावर दाबली गेली की या रेघा तो थर कापतात, पितळ लोखंडाला धरतं आणि चाकाचा वेग शाफ्टच्या वेगाला येतो. तोवर रिंगेचे बाहेरचे दात स्लीव्हला आडवे उभे राहतात, पुढे जाऊ देत नाहीत. वेग जुळला की आपोआप बाजूला होतात. चांगल्या गाडीत हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, हाताला फक्त किंचित अडखळल्यासारखं लागतं.

आता तुमच्या गिअरचं गणित बघा. या वर्गातल्या एका नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचं प्रमाण १.९० आणि तिसऱ्याचं १.२८ च्या आसपास असतं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला आत येणारा शाफ्ट तेवढ्या फेऱ्या मारतो. ताशी ४० ला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर असतं. त्याच वेगाला दुसरा टाकायचा तर इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट, जवळजवळ ३००० वर जायला हवा. म्हणजे त्या बांगडीएवढ्या रिंगेनं इनपुट शाफ्ट आणि त्याच्या टोकाला असलेली क्लच प्लेट, दोन्हींना क्षणात हजार फेऱ्यांनी वर न्यायचंय. एवढं ती करते, तिची ताकदच तेवढी आहे. पण क्लच पूर्ण सुटला नसेल, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं झालं नसेल, तर तिला शाफ्टबरोबर अख्खं इंजिन ओढावं लागतं. ते तिला जमत नाही आणि खर्र होतं. रिंग नवीकोरी असली तरी होतं.

म्हणूनच आधी क्लच.

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करा. मी मनापासून सांगतोय. दोन-तीन थरांची जाड मॅट क्लच पेडलखाली आली की पेडल शेवटपर्यंत जात नाही, आणि शेवटच्या त्या दोन सेंटीमीटरमध्येच क्लच पूर्ण सुटत असतो. मॅट काढून दोन दिवस गाडी चालवा. नुसती मॅट काढून आवाज गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

मग सपाट जागेवर इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर अडत असेल तर दोष दांडीच्या केबलमध्ये, बुशमध्ये किंवा जोडकामात शोधायचा. सगळे लोण्यासारखे पडत असतील तर इंजिन चालू करा, रेस देऊ नका, क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात पाच आकडे मोजा. पाच झाल्यावर रिव्हर्स टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर चांगल्या गाडीतही करकरतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण पाच मोजल्यावर आतला शाफ्ट थांबलेला असायलाच हवा. तरीही करकरला तर शाफ्टला कोणीतरी फिरवतंय, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. तुमच्या रिव्हर्सच्या तक्रारीमुळेच मला ही चाचणी आधी हवी आहे.

आणखी एक. पुढे मोकळी जागा आहे ना, आधी बघून घ्या. पहिला गिअर टाका, क्लच तळाशी दाबून ठेवा, ब्रेक सोडा आणि थोडी रेस द्या. गाडी इंचभर जरी पुढे सरकली तरी क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही.

क्लच ओढत असेल तर पुढचा तपास केबल की हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर तारेनं जातो की फ्लुइडनं, यावर अवलंबून आहे. केबलची गाडी असेल तर हाताने पेडल दाबून बघा, सुरुवातीचा साधारण दीड-दोन सेंटीमीटर ढिला जाऊन मग जोर लागायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ढिलेपणा फार असेल तर गिअरबॉक्सजवळच्या नटावर केबल आवळून घेता येते, पाच मिनिटांचं काम. मात्र ढिलेपणा अजिबात राहणार नाही इतकी आवळू नका, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम घासत राहतं आणि प्लेट घसरायला लागते. हायड्रॉलिक असेल तर पेडल भराभर तीन-चारदा मारून गिअर टाका. त्यानं नीट पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. पेडलच्या वर, सळई जिथे आत जाते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर वरचा सिलिंडर गळतोय. खाली गिअरबॉक्सवरच्या सिलिंडरचं रबरी टोपण किंचित मागे सारून बघा, तिथेही तेच. क्लचमध्ये ब्रेकचंच फ्लुइड असतं, ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ब्रेकचं बदलताना क्लचचं बदलायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

इथे एक गाडी सांगतो, कारण तिच्यामुळे मी हा क्रम कधीच सोडत नाही. एक शिक्षिका आल्या होत्या, केबल क्लचची छोटी गाडी घेऊन. दुसऱ्या गावात गिअरबॉक्स उघडून दुसऱ्याची आणि तिसऱ्याची रिंग बदललेली, पैसे भरलेले, आणि चौथ्या महिन्यात आवाज परत. त्यांनी जुन्या रिंगा कागदात गुंडाळून जपून आणल्या होत्या. बिल खोटं नव्हतं, रिंगा खरंच झिजलेल्या होत्या. मी मुलाला आत बसवून पेडल दाबायला लावलं आणि बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरकडे बघत राहिलो. लिव्हर जेमतेम हलत होती. केबल नवी, सेटिंग बरोबर. मग नजर वर नेली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात केबलचं कव्हर जिथे टेकतं, तिथला पत्रा दर दाबाला आत दबत होता आणि सोडला की परत येत होता. वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली होती. पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यातच संपत होता. पत्र्याला आतून पट्टी देऊन वेल्ड केलं आणि क्लच पूर्ण सुटायला लागला. पण चार महिने ओढत्या क्लचवर चालून नव्या रिंगाही खराब झाल्या होत्या. त्या बाईंना एकाच कामाचे दोनदा पैसे भरावे लागले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पहिल्याच दिवशी कोणी बॉनेट उघडून पेडल दाबून बघितलं असतं तर एकदाच लागले असते.

क्लचमध्ये आणखीही कारणं असतात, ती भराभर सांगतो. पावसाळाभर कोकणात अंगणात उभी राहिलेली गाडी असेल तर फ्लायव्हीलला, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकाला, गंज धरून प्लेट चिकटते. पाण्यातून गेलेल्या गाडीतही हेच होतं. प्लेटच्या मधले खाचे गंजले किंवा कोरडे पडले तर प्लेट शाफ्टवर मागेपुढे सरकत नाही. जीप, पिकअप अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं. ते जाम झालं की क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो, आणि माणूस क्लच बदलून बदलून थकतो. तुमची गाडी पुढच्या चाकांची आहे, त्यामुळे ही शक्यता तुम्ही सोडून द्या.

समजा क्लच सगळ्या चाचण्यांत पास झाला. आता ऑइल. तुमच्या वर्णनात "सकाळी जास्त" हे शब्द आहेत, म्हणून मी इथे थांबतोय. थंड ऑइल घट्ट असतं आणि शाफ्टचा वेग कमी करत राहतं. वरचा गिअर टाकताना याची मदतच होते, कारण तेव्हा वेग कमीच करायचा असतो. खालचा टाकताना मात्र रिंग वेग वाढवायला बघते आणि ऑइल मागे खेचतं. तुमचा आवाज तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो, पहिल्यातून दुसऱ्यात नाही, आणि गाडी थंड असताना जास्त येतो. या दोन्ही गोष्टी रिंग काठावर, म्हणजे संपत आली असल्याच्या आणि ऑइल चुकीचं किंवा म्हातारं झाल्याच्या बाजूनं बोलतात.

ऑइल कुठलं, हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हटलं की काउंटरवरचा डबा मिळतो, आणि तो पुष्कळदा जीएल-५ चा असतो. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. जीएल-५ हे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनसाठी, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या जोडीसाठी. त्यात गंधक आणि फॉस्फरसचं मिश्रण जास्त असतं, दातांवर भयंकर दाब आला तरी थर तुटू नये म्हणून. पण सिंक्रो रिंगेला घसरणं नको, धरणं हवं. अशा ऑइलवर ती नीट धरत नाही, आणि तापलेल्या ऑइलमधलं ते रसायन पितळही हळूहळू खातं. छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सहसा जीएल-४ सांगितलेलं असतं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०. हे ऑइलच्या घट्टपणाचे आकडे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच, अक्षरशः तेच भरा. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नाही. आवाज थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या यात ओतू नका.

बदलताना गाडी दहा मिनिटं फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. गाडी वर घ्यायची ती चारही बाजूंनी सारखी, रॅम्पवर किंवा स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असली तरी. आणि आधी भरायचा नट उघडा, मग सोडायचा. हा क्रम पाठच करा. खालचा नट सोडून ऑइल सांडून टाकलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहते. अशी एक गाडी टोइंग करून माझ्याकडे आली होती.

खालचा नट हातात आला की पुसून टाकायची घाई करू नका. त्याच्या टोकाला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी मलम जमलेलं असेल तर ती नेहमीची झीज आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ऑइलमध्ये बघायचं. निघालेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि उन्हात तिरकं धरा. सोनेरी चकाकी तरंगताना दिसली तर ती रिंगेची आहे. चुंबकाला धारदार कण किंवा दाताचा तुकडा लागला असेल तर पुढचं सगळं सोडा, गाडी चालवू नका, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

नवं ऑइल भरायच्या नटाच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरायचं, तुमच्या गाडीत दोन-सव्वादोन लिटर जाईल. मग नवा वायसर टाकून नट आवळा. त्यानंतर तीन-चारशे किलोमीटर चालवून मग ठरवा. पहिल्याच दिवशी फरक पडेल असं समजू नका. नीट ऑइल मिळाल्यावर काठावरची रिंग आणखी दोन वर्षं काढते, असं मी पाहिलंय. पण काही गाड्यांत फरक पडत नाही हेही तितकंच खरं, आणि मग रिंग संपली असं धरायचं.

खात्री करायला शेवटची एक चाचणी आहे. तिसऱ्यात ताशी ३०-३५ ला क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, हलकी रेस द्या, परत क्लच दाबा आणि दुसरा टाका. जुने ट्रकवाले अशीच गाडी चालवायचे, कारण त्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोच नव्हता. असं केल्यावर दुसरा बिनआवाज पडला तर रिंगेचं काम तुमच्या पायानं केलं, म्हणजे रिंग ते करत नाही. क्लच चांगला, ऑइल नवं, आणि तरीही फक्त दुसराच करकरतो: आता तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं बरोबर आहे, गिअरबॉक्स उतरवा. दुसऱ्याचीच रिंग आधी का जाते, तर पहिल्या-दुसऱ्यामधलं अंतर मोठं असतं आणि शहरात, घाटात हाच गिअर सगळ्यात जास्त पडतो.

उघडल्यावर काय बघायचं तेही सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर बसवून हातानं दाबायची आणि मधली फट फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, चारी बाजूंनी मोजायची. अशा छोट्या गाड्यांत नव्या रिंगेला ती एक मिलिमीटरच्या थोडी वर असते, अर्ध्या मिलिमीटरला आली की रिंग संपली. रिंग झिजते तशी ती आत आत बसत जाते, शेवटी गिअरला टेकते, आणि टेकली की कितीही जोर लावा, धरत नाही. पण फक्त रिंग बदलून भागवू नका. गिअरचे डॉग आणि स्लीव्हचे दात उजेडात धरून बघा. नव्या दाताला छपरासारखं टोक असतं. ते गोल झालेलं असेल तर गिअर आणि स्लीव्हही बदलावी लागते, नाहीतर आवाज जाईल पण चढावर गिअर निसटायला लागेल. स्लीव्ह आणि ती ज्यावर सरकते तो हब यांची जोडी खोलण्याआधी मार्करनं खूण करायला सांगा, म्हणजे परत त्याच जागी, त्याच दिशेनं बसतील. स्लीव्हला सरकवणाऱ्या फोर्कची टोकं झिजलीत का तेही बघायला लावा. दांडीवर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती टोकं बहुधा झिजलेली असतात, कारण हाताचं वजन सतत त्या फोर्कवर जातं. नवी रिंग बसवण्याआधी ऑइलमध्ये बुडवून घ्यायची, कोरडी नाही.

गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेटची जाडी आणि रिलीज बेअरिंगचा आवाज त्याच वेळी बघून घ्या, शाफ्टची ऑइल सीलं नवी टाका. नुसती मजुरी वाचवायला म्हणून नाही. पाच हजार किलोमीटरनी क्लचसाठी तोच गिअरबॉक्स परत उतरवणं तुम्हालाही नको आणि कुठल्याही प्रामाणिक मिस्त्रीलाही नको. भंगारातून आणलेला जुना गिअरबॉक्स टाकून देतो, असं कोणी म्हणालं तर मी तरी नको म्हणेन. त्याच्या दुसऱ्याची रिंग किती शिल्लक आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

वीस हजारांचं म्हणाल तर रिंग, सीलं, ऑइल आणि मजुरी एवढ्याच कामाला तो आकडा मला जास्त वाटतो. गिअर, स्लीव्ह आणि क्लच सेट धरून असेल तर वाजवी आहे. कोणते भाग धरलेत ते लिहून मागा, आणि निघालेले जुने भाग परत द्यायचे असं आधीच ठरवा.

तोवर गाडी वापरायची तर दुसरा टाकताना घाई करू नका. दांडी दोन बोटांनी न्यूट्रलमधून दुसऱ्याकडे आणा, जिथे अडखळते तिथे क्षणभर हलका दाब ठेवून थांबा, मग ती आपणच आत जाते. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना वळणाच्या आधीच दुसरा टाकून ठेवा, वळणात नाही. आणि काम झाल्यावर गाडी दुपारी तापलेली ताब्यात घेऊ नका. रात्रभर गॅरेजमध्ये उभी राहू द्या, सकाळी थंड इंजिनावर मिस्त्रींना शेजारी बसवून चक्कर मारा, तिसऱ्यातून दुसरा आठ-दहा वेळा टाका, परत आल्यावर क्लच दाबून पाच मोजून रिव्हर्स टाका, आणि मग पैसे द्या.